चारशे दहा अंश

१

गुरुवारी सकाळी साडेआठला तुळशीदासनं हवाबंद पेटीतून नखाएवढी चिप काढली, चाचणीच्या सुयांखाली ठेवली आणि बटण दाबलं. मीटरवर शून्य. त्यानं सुया पुसून परत टेकवल्या. पुन्हा शून्य. दुपारी चार वाजता जिच्यासाठी दोन कंपन्यांचे पाहुणे आणि दिल्लीचे तज्ज्ञ येणार होते, ती चिप मेली होती.

पवईच्या तलावामागच्या त्या खाजगी संशोधन केंद्रात पुढच्या अर्ध्या तासात जो गोंधळ उडाला, तो व्हॅलेन्सिया मिरांडाला फोनवर कळला. ती तेव्हा अंधेरीच्या एका हिरे तपासणाऱ्या लॅबमध्ये होती. खाणीतला हिरा कुठला आणि यंत्रात पिकवलेला कुठला, हे प्रकाशाच्या रेषा वाचून सांगायचं, हे तिचं पोट भरण्याचं साधन. तिच्या वाचनाला आव्हान देण्याची हिंमत अंधेरीत कुणाची नव्हती.

फोनवर केंद्राच्या संचालिका वसुधाताई कर्णिक होत्या. "व्हॅलेन्सिया, तुला आत्ता यायला हवं. आमच्या माणसांचं वाचन पाहुणे मानणार नाहीत. बाहेरचं कुणीतरी पाहिजे."

"मी बाहेरची कशी झाले, ते विसरलात वाटतं, मॅडम."

अकरा वर्षांपूर्वी केंद्रातले शास्त्रज्ञ डॉ. नंदकिशोर धारप यांचा एक निष्कर्ष साफ खोटा ठरला होता. पकडले गेल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं, की यंत्रावर बसणाऱ्या बाईनं वाचनच चुकीचं दिलं. त्याच दिवशी व्हॅलेन्सियाची नोकरी गेली. केंद्रातले यच्चयावत लोक खिडकीतून बघत होते. तिचं खोकं उचलून फाटकापर्यंत आला तो एकटा तुळशीदास, आणि रिक्षाही त्यानंच थांबवली. तेव्हापासून दर रविवारी मरोळच्या चर्चमध्ये गुडघे टेकून सगळ्यांना माफ केल्याचं देवाला सांगताना व्हॅलेन्सिया एक नाव मुद्दाम गाळायची. देवालाही एव्हाना ते पाठ झालं असेल.

"मला नाही जमणार," ती म्हणाली.

"नंदकिशोरनं तुळशीदासवर आळ घेतलाय," वसुधाताई म्हणाल्या. "लेखी तक्रार दिलीय. एक वाजेपर्यंत दुसरं काही निघालं नाही, तर मला पोलिसांना बोलवावं लागेल."

व्हॅलेन्सियानं पर्स उचलली.

२

संचालिकांच्या खोलीबाहेर एका स्टुलावर तुळशीदास बसला होता. शेजारी वॉचमन. तुळशीदास भांडुपचा कोळी, बावीस वर्षं या केंद्रात यंत्रांची देखभाल करत आलेला, आणि इतक्या वर्षांत कायम न झालेला.

"बाय, तू आलीस?" तो उठायला लागला.

"तू केलंस का रे?"

"नाय."

"मग बस गप. तोंड पाडू नकोस."

नंदकिशोर आपल्या केबिनमध्ये वाटच पाहत होते. केस पिकले होते, पण मान तशीच ताठ. "या, मिसेस मिरांडा. आज तरी वाचन नीट द्याल अशी आशा आहे."

व्हॅलेन्सियाच्या कानशिलात रक्त सणकलं. पण ती खुर्ची ओढून बसली. "मला जरा चिपबद्दल सांगा. हिऱ्यांच्या धंद्यातली बाई मी, आपलं अज्ञान."

त्यांनी मोठ्या खुशीनं सांगितलं. चिपवर ग्राफीनचा थर होता. पेन्सिलीच्या शिशातून एकाच अणूच्या जाडीचा पापुद्रा सोलावा, तसा हा कार्बन. त्यातून वीज सुसाट धावते, पण तीच त्याची खोड. धावणारी वीज हवी तेव्हा थांबवता आली नाही, तर तिचा इलेक्ट्रॉनिक्सला उपयोग काय? म्हणून त्या निर्दोष थरात मुद्दाम दोष पाडायचे. मोजून-मापून, हवे तेवढेच आणि हवे तिथेच. या चिपवर आयनांच्या माऱ्यानं अणूएवढ्या छिद्रांची एक सरळ रांग पाडली होती. ती रांग म्हणजे विजेला लावलेलं फाटक. जगात अशी रांग इतकी नेमकी कुणालाच जमलेली नव्हती.

"आणि ही पाडली कुणी?"

"मी. पेटंटच्या अर्जावर एकच नाव आहे."

"स्वतःच्या हातानं?"

"पहिल्यापासून शेवटपर्यंत." नंदकिशोरांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर टाकला. "रांग पाडणं अर्धं काम. ती टिकवणं उरलेलं. चारशे वीस अंशांच्या वर तापवलीत, की छिद्रं बुजायला लागतात आणि सगळं मुसळ केरात. हा आकडा एकाच वहीत आहे. ती वही जूनपासून माझ्या कपाटात कुलपात आहे. दुसऱ्या कुणाला तो ठाऊक असणं शक्यच नाही. अर्जातही मी तसंच लिहून दिलंय."

"आणि तुळशीदासनं हे का करावं?"

"कायम केलं नाही म्हणून डूख धरलाय. काल पाच वाजता चिप उत्तम होती, मी स्वतः पाहिली. खोलीला कुलूप त्यानं लावलं, उघडलंही त्यानंच. यात वाचायचं काय आहे?"

"ते वाचल्यावर सांगते," व्हॅलेन्सिया म्हणाली आणि उठली. दारातून वळून बघितलं, तर ते जुडगा परत खिशात टाकत होते, अगदी निर्धास्तपणे.

३

यंत्राच्या खोलीत प्रज्योत आधीच उभा होता. आयनांचा मारा करणारं मोठं यंत्र त्याच्या ताब्यात असायचं. तिशीचा, चुणचुणीत, आणि आज घामेजलेला.

"मॅडम, एक सांगून टाकतो," तो म्हणाला. "काल संध्याकाळी साडेसातला माझं मशीन चालू होतं. नोंद आहे त्याची. धारप सरांनी अजून बघितलेली नाही. बघितली की माझी वाट लागली."

"कशाला चालू होतं?"

"अंधेरीच्या एका कंपनीत इंटरव्ह्यू आहे शनिवारी. त्यांना दाखवायला एक सॅम्पल करत होतो. इथलं मशीन, माझं काम. चोरीच झाली ना ती?"

"थांब जरा."

तिनं चिप भिंगाखाली सरकवली आणि हिरवा लेझर सोडला. ग्राफीनवरून परतलेला प्रकाश पडद्यावर शिखरांसारखा उमटला. निर्दोष ग्राफीनमध्ये जे शिखर नसतंच, ते इथं ताडासारखं उभं होतं. चिपच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोषच दोष.

"संपलंच की," प्रज्योत पुटपुटला. "माझ्याच मशीनचं काम दिसतंय हे."

व्हॅलेन्सिया पडद्याजवळ सरकली. तिची नजर उंच शिखरावर नव्हतीच. त्याच्या शेजारी एक बुटका सोबती असतो, त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. तिनं दोघांची उंची मोजली, एकीला दुसरीनं भागलं. मग चिप सरकवून परत मोजलं. वीस जागी. त्यात तास गेला.

"प्रज्योत, तुझ्या मशीननं काय होतं? आयन येऊन आदळतो, कार्बनचा अणू उडवतो, भोक पडतं. बरोबर? भोक असेल तर उंच शिखर बुटक्याच्या सात पट भरतं. इथं बघ."

त्यानं पडद्यावर वाकून पाहिलं. "तेरा?"

"सगळीकडे तेरा. म्हणजे इथला अणू उडालेला नाही, उलट बाहेरचा अणू येऊन चिकटलाय. रांगेपाशी तेवढा आकडा खाली उतरतो, कारण तुमची जुनी छिद्रं तिथं जशीच्या तशी आहेत. तुझा इंटरव्ह्यू तुला लखलाभ. हा मार तुझ्या मशीनचा नाही."

"मग चिकटलंय काय?"

कोपऱ्यात चिपा साफ करायची हायड्रोजनची छोटी पेटी होती. दिवसभर कुणीही वापरावी, अशी. व्हॅलेन्सियानं तिच्याकडे बोट दाखवलं. "हायड्रोजन. आणि हायड्रोजन तापवला की सुटतो."

प्रज्योत डोळे विस्फारून बघत राहिला. "म्हणजे चिप मेलेली नाहीये?"

"बेशुद्ध आहे. आणि ज्यानं बेशुद्ध केली, त्याला हे पुरेपूर माहीत होतं."

४

बाहेरून आरडाओरडा ऐकू आला. तुळशीदासची बायको मंजुळा थेट भांडुपच्या बाजारातून आली होती. हाताला मासळीचा वास, पदर खोचलेला, आणि दोन वॉचमन तिच्यापुढे हतबल.

"कुठाय तो डॉक्टर?" ती गरजत होती. "माझ्या नवऱ्याला चोर बोलतो? इथल्या शिपायानं फोन केला, तो बाजारातल्या सगळ्या बायकांनी ऐकला! पंधरा वर्षं त्याच जागी बसते मी. आज गिऱ्हाइकं माझ्याकडं बघून कुजबुजतात!"

नंदकिशोर केबिनच्या दारात आले. "बाई, इथं तमाशा नको. जे असेल ते पोलीस ठरवतील." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मंजुळा त्या बंद दाराकडे बघत राहिली. तुळशीदासनं मान खाली घातली. व्हॅलेन्सियाला त्या क्षणी अकरा वर्षांपूर्वीच्या खिडक्या दिसल्या. आज या धारपांना सोडायचं नाही, तिनं मनाशी ठरवलं. नुसतं तुळशीदासला सोडवून भागणार नाही.

ती स्टुलापाशी उकिडवी बसली. "तुळशी, साक्षीचे तुकडे अजून ठेवता का रे?"

"ठेवतो म्हंजे? तूच लावलीस ना ती सवय." चांगली चिप कुठल्याही पेटीत किंवा भट्टीत घालण्याआधी एका टाकाऊ तुकड्यावर तेच करून बघायचं, आणि तो तुकडा फेकायचा नाही, तारीख घालून डब्यात ठेवायचा. व्हॅलेन्सिया गेली, पण शिस्त राहिली. "नवीन पोर आलं की मी पयलं तेच शिकवतो. प्रज्योत तेवढा ऐकत नाय. धारप सायबांना तर डबा कुठाय ते पण म्हाईत नसंल."

डबा कपाटाच्या खालच्या खणात होता. बुधवारच्या तारखेचे तीन तुकडे निघाले. व्हॅलेन्सियानं ते एकेक करून लेझरखाली धरले.

पहिल्यावर हायड्रोजन कमी पडलेला. दुसऱ्यावर अगदी बेताचा, वीज थांबावी एवढाच. तिसरा तुकडा जुन्या एका फसलेल्या प्रयोगातला होता, त्यावर छिद्रांची वेडीवाकडी रांग होती. त्याची छिद्रं शाबूत होती आणि हायड्रोजन जवळपास सगळा उडालेला होता, फक्त कडेला तेराचा माग राहिला होता. म्हणजे त्याला आधी हायड्रोजन दिला आणि मग तापवलं. कुणीतरी विष देण्याआधी उतारा तपासून पाहिला होता.

ती भट्टीपाशी गेली. भट्टीला स्वतःची स्मरणशक्ती असते, कुणी कागदावर नोंद करो वा न करो. बुधवार, दुपारी दोन ते चार. चारशे दहा अंश.

चारशे वीसच्या फक्त दहा अंश खाली.

धारपांच्या हाताखाली या रांगेवर कोण काम करतं, ते तिनं तुळशीदासला विचारलं. वाचनालयात पूर्वी चुरी नावाची ती विद्यार्थिनी एकटी बसली होती. बोरिवलीहून येणारी, पीएचडीच्या शेवटच्या वर्षाची मुलगी. समोर पुस्तक उघडं होतं, पण पान उलटत नव्हतं. व्हॅलेन्सिया तिच्यासमोर बसली.

"रांगेची वही कुणी लिहिली गं?"

"सरांनी." हा शब्द उच्चारताना पूर्वीचे ओठ पांढरे पडले.

"किती वर्षं लागली लिहायला?"

"चार," पूर्वी पटकन म्हणाली, आणि मग तिला कळलं आपण काय बोललो ते.

व्हॅलेन्सियानं तिच्याकडे नीट पाहिलं. इतका जुना, ओळखीचा राग तिनं फक्त आरशात पाहिला होता. तिला त्या पोरीला जवळ घ्यावंसं वाटलं आणि दोन थोबाडीत द्याव्याशाही वाटल्या.

"चार वाजता तो पाहुण्यांपुढे मेलेली चिप घेऊन उभा राहणार, त्याला काही सुचणार नाही, आणि मग तू उठून सांगणार, की मी जिवंत करते. असंच ना? झकास बेत होता. पण सकाळी तुळशीदास चिप तपासतो, हे तू धरलं नव्हतंस. तीन तास तो स्टुलावर बसलाय. तू त्याच्यासमोरून किती वेळा गेलीस?"

पूर्वीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "दोनदा."

"रडू नकोस. एक वाजायला वीस मिनिटं आहेत. आत चल. मी विचारल्याशिवाय बोलायचं नाही."

५

खोलीत वसुधाताई, नंदकिशोर, प्रज्योत आणि पूर्वी होते. मंजुळाला बाहेर थांबायला सांगितलं होतं, म्हणून ती आत आली होती. तुळशीदास दाराशी उभा राहिला.

"आयनांनी हे झालेलं नाही, म्हणून प्रज्योत सुटला," व्हॅलेन्सियानं सुरुवात केली. "सूड म्हणून चिप फोडायची असती, तर एक चिमटा पुरला असता. पण करणाऱ्यानं असा घाव निवडला, जो पुसता येतो. आधी तुकड्यांवर मात्रा ठरवली. मग तापवून घाव पुसूनही बघितला. भट्टी चारशे दहावर थांबवली, कारण चारशे वीसला रांग बुजते. मला सांगा मॅडम, चिप ज्याची नाही, तो माणूस तिची इतकी काळजी घेईल?"

"तुळशीदासला भट्टी येते," नंदकिशोर म्हणाले.

"भट्टी येते. आकडा कुठून येणार? सकाळी तुम्हीच म्हणालात, तो एका वहीत आहे, वही जूनपासून तुमच्या कुलपात, किल्ली तुमच्या खिशात. दुसऱ्या कुणाला ठाऊक असणं शक्य नाही, असं पेटंटच्या अर्जात तुमच्या सहीनिशी आहे." ती टेबलावर दोन्ही हात टेकून पुढे झुकली. अकरा वर्षं ती या वाक्याची वाट पाहत होती आणि आता तिला मुळीच घाई नव्हती. "तेव्हा डॉक्टर, दोनच शक्यता उरतात. रांग तुम्ही एकट्यानं पाडली असेल, तर आकडा फक्त तुम्हाला माहीत, म्हणजे चिप तुम्हीच बिघडवलीत आणि गरिबावर ढकललीत. नाहीतर आकडा आणखी कुणाला माहीत आहे, म्हणजे रांग तुमची नाही आणि अर्ज खोटा आहे. यातलं कुठलं, ते तुम्ही सांगा. मी दोन्ही मान्य करीन."

नंदकिशोरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच ठेवला. "हा मूर्खपणा आहे. मी माझीच चिप कशाला बिघडवीन?"

"मग दुसरी शक्यता."

"तसंही नाही!"

"एक वाजत आलाय, मॅडम पोलिसांना बोलावतील," व्हॅलेन्सिया म्हणाली. "तक्रारीत कुणाचं नाव घालायचं, ते ठरवा."

त्यांची नजर खोलीभर फिरली आणि पूर्वीवर थांबली. "ही! हिनंच केलं हे! हिला वही परत हवी होती, जूनपासून मागे लागलीय माझ्या!"

"परत?" वसुधाताईंनी विचारलं.

वसुधाताई खुर्चीतून पुढे झुकल्या.

"पूर्वीला तो आकडा कसा ठाऊक, नंदकिशोर?"

नंदकिशोरांनी खिशातला जुडगा काढून टेबलावर ठेवला. मग ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "तिनंच लिहिली होती ती वही."

पूर्वी उठून उभी राहिली. "मॅडम, मीच केलं. काल पाचनंतर, खोलीला कुलूप लागायच्या आधी. चारशे दहाला दोन तास ठेवली की चिप परत येईल. मला जी शिक्षा द्याल ती द्या." मग ती दाराकडे वळली. "तुळशीदासकाका, मी…"

"मला आधी बोलली असतीस," तुळशीदास म्हणाला, "तर मीच तुला पेटी उघडून दिली असती. पण तू बघत बघत पुढं गेलीस ना गं." तो एवढंच बोलला आणि बाहेर गेला. पूर्वी जागच्या जागी मटकन बसली.

६

भट्टी दीड वाजता लागली. थंड व्हायला वेळ लागला, पाहुण्यांना दोनदा चहा पाजावा लागला, पण साडेचारला सुया टेकल्या आणि चिपमधून वीज धावली. फाटक लावलं की थांबे, उघडलं की धावे. वसुधाताईंनी पाहुण्यांना पूर्वीचं नाव सांगितलं आणि पाहुणे गेल्यावर तिला सहा महिन्यांसाठी यंत्रांपासून दूर केलं. पेटंटचा अर्ज मागे घेण्याचं पत्र नंदकिशोरांनी त्यांच्यासमोर बसून लिहिलं. तुळशीदासच्या कायम नोकरीचा कागद त्या दिवशीच निघाला.

"झालं ना आता समाधान?" वसुधाताईंनी मंजुळाला विचारलं. "नंदकिशोर तुझ्या नवऱ्याची माफीही मागतील."

"इथं?" मंजुळा म्हणाली. "इथं त्याला कोण चोर समजतंय? नाव बाजारात खराब झालं, ते बाजारात साफ करायचं. नाय आले, तर हे त्यांचं तक्रारीचं पत्र घेऊन आम्ही चौकीवर जातो. खोटी तक्रार ना ती?"

नंदकिशोरांनी वसुधाताईंकडे पाहिलं. वसुधाताईंनी खिडकीबाहेर पाहिलं.

शुक्रवारी संध्याकाळी भांडुपच्या मासळी बाजारात, ऐन गर्दीच्या वेळी, डॉ. नंदकिशोर धारप पॉलिश केलेल्या बुटांनी ओल्या फरशीवर उभे राहिले. दोन्ही बाजूंना पाट्या मांडून बायका बसल्या होत्या. पूर्वी आधीच येऊन मंजुळापुढे सगळं बोलून गेली होती. मंजुळानं तिला माफ केलं नव्हतं, फक्त बसायला जागा दिली होती.

"तुळशीदास यांनी काही केलं नव्हतं," नंदकिशोर म्हणाले. "मी त्यांच्यावर खोटा आळ घेतला."

"मोठ्यानं," मंजुळा म्हणाली. "बोंबीलवाल्या मागं बसल्यात."

ते मोठ्यानं म्हणाले. मागच्या बायकांनी सुऱ्या थांबवल्या. तुळशीदास ताठ उभा होता, आणि बाजारातल्या एकूण एक बाईनं त्याच्याकडे बघून घेतलं. नंदकिशोर जायला वळले, तर समोर व्हॅलेन्सिया.

"अजून एक राहिलं," ती म्हणाली.

"इथं? यांना काय कळणार त्यातलं?"

"यांना ताजं आणि शिळं कळतं. बोला."

"ही कोण गं?" एकीनं मंजुळाला विचारलं.

"ऐक ना, सांगतोय तो."

नंदकिशोरांनी ओठ ओले केले. "अकरा वर्षांपूर्वी व्हॅलेन्सिया मिरांडा यांनी दिलेलं वाचन बरोबर होतं. चूक माझी होती. ती मी त्यांच्यावर ढकलली."

व्हॅलेन्सियाला वाटलं होतं, की हे ऐकताना आपल्याला थोडी तरी दया येईल. आली नाही. उलट इतकं बरं वाटलं, की तिला हसू आवरेना.

"परत," ती म्हणाली. "मोठ्यानं."

त्यांनी परत सांगितलं.